रामकिसनचं चुंबक

कमरेचा करगोटा.

बायकोचं, प्रेमलाचं कुंकू. माझ्या उजव्या डोळ्याला लालभडक, डाव्याला विटकं.

बोईसरच्या कारखान्यातली लेथ नंबर चार.

पांढरं, मोठ्ठं, मधोमध भोक असलेलं एक यंत्र.

हे सगळं एकाच सकाळी एकत्र आलं! घाबरायचं काय त्यात? तेहतीस वर्षं लेथ चालवली मी. यंत्र दिसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

डॉक्टर म्हणाले होते, "डाव्या डोळ्यामागची नस सुजली असावी. लगेच एमआरआय करा. उशीर केलात तर नजर जाईल." तेव्हापासून काळजीने प्रेमलाच्या कालवणात मीठ पडत नव्हतं.

सेंटरमधली वैभवी म्हणाली, "काका, लोखंडाचं काही अंगावर ठेवू नका. आत भलंमोठं चुंबक आहे."

घड्याळ दिलं. पट्टा, किल्ल्या दिल्या. तारेची कवळीसुद्धा काढून दिली! तिने तपासणीची दांडी अंगावरून फिरवली. कमरेपाशी ती मालगाडीसारखी किंचाळली.

"करगोट्याला काय बांधलंय?"

"शुंबक!" मी कवळीविना म्हणालो. "तुमी लोखंड म्हणालात. शुंबकाचं कुठे बोललात?"

प्रेमलाने कपाळावर हात मारला. "अजून नाय टाकलंत ते?"

कसं टाकणार? कारखान्यातल्या रामकिसन मिस्त्रीचं होतं ते. लेथवर लोखंड कातताना आमचे चष्मे खुंटीला आणि लोखंडाचा कीस डोळ्यांत! रामकिसन पापणी उलटी करायचा. "हलू नको लेका, डोळा हाय, बटाटा न्हाई!" चुंबकाने कण अलगद उचलायचा, वर कटिंग चहा पाजायचा. परभणीला कायमचा परतताना त्याने ते माझ्या हातात ठेवलं.

हे मी वैभवीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती पांढरीफटक!

"डोळ्यात लोखंड? किती वेळा?"

"अशेल शंभरेक!"

"थांबा! एक कण जरी राहिला असेल ना, आत तो सरकून डोळा फाडेल!"

प्रेमलाने माझा दंड धरून मला मागे ओढलं. "एक वाचवायला आलो, आता दोन्ही घालवा!"

आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. अर्धा तास आम्ही एकमेकांचा हात धरून बसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच असावं.

तिथले डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "एक कण नाही! कोणत्या डॉक्टरांकडे जायचात?"

"रामकिशन," मी म्हणालो.

मग यंत्रात शिरलो. ते थेट लेथ नंबर चारसारखं खडखडलं आणि मी गाढ झोपलो. घोरताना मान हलली म्हणून वैभवीला सगळं पुन्हा करावं लागलं. नस सुजलेलीच निघाली. औषधाने कुंकू हळूहळू लाल झालं.

मी कारखान्यात नवा लागलो, त्याच्या आधीच रामकिसनचा उजवा डोळा किसाने गेला होता.