रुपचंद नानांनी जूनमध्ये वाचलेले पुस्तक

देवपुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल हेमलताबाई यांनी भर दुपारी, दार लोटून घेऊन, तीनशे पुस्तके वाचकांच्या नावांवर चढवली, तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता: नोकरी टिकवणे. गेल्या वर्षभरात कथा-कादंबऱ्यांखेरीज एकही पुस्तक कपाटाबाहेर का पडले नाही, असे वरिष्ठ कार्यालयाने विचारले होते. उत्तर न पटल्यास वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग उतरणार होता, आणि वर्ग उतरल्यास ग्रंथपाल अर्धवेळ करावा, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला होता. अन्य कोणत्याही विषयावर या कार्यकारिणीचे एकमत झाल्याचे इतिवृत्तात आढळत नाही.

प्रश्न मात्र रास्त होता. बारा हजार ग्रंथ विकत घ्यावेत आणि त्यांतील दहा हजारांना केवळ धूळ झटकण्यापुरता हात लावावा, याला संस्कृतिसंवर्धन म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

बाईंनी कपाटातील क्रमाने पुस्तके घेतली, वहीतील क्रमाने सभासद घेतले आणि एकास एक जोडून दिले. आपल्याकडे विवाहही याहून अधिक शास्त्रीय पद्धतीने जुळत नाहीत. मग नोंदवहीची नक्कल कार्यालयाला धाडली. चौथ्या दिवशी तिकडून पत्र आले: निरीक्षक पितांबर देवरे आठवड्याने येतील व नोंदींतील वाचकांशी त्या त्या पुस्तकांविषयी चर्चा करतील.

बाईंनी प्रथम रुपचंद नानांना गाठले. नाना एकतीस वर्षे केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत होते. पहिल्या दहा पानांत तलवार उपसली गेली नाही, तर ते पुस्तक परत करीत.

"नाना, हे पुस्तक तुम्ही गेल्या जूनमध्ये वाचलंय."

नानांनी मुखपृष्ठावरचा विंचू न्याहाळला. "मी? कव्हा?"

"वहीत नोंद आहे."

"मंग माले आवडनं का?"

"फार. दोनदा मुदत वाढवून घेतलीत तुम्ही."

नाना गंभीर झाले. "इतकं आवडनं, तं वाचालेच पाहिजे," म्हणाले आणि पुस्तक काखेत मारून गेले.

रहस्यकथांवर पोसलेले शिंपी साकिबभाई यांच्या वाट्याला कवितासंग्रह आला होता. सासू-सुनेच्या कादंबऱ्यांवाचून झोप न येणाऱ्या प्रमिलाबाईंच्या नावावर ध्रुवप्रदेशातील मोहीम होती. पुस्तके हाती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या.

"मॅडम, चाळीस कविता झाल्या," साकिबभाई म्हणाले. "कोण रडतंय ते कळलं. कुणामुळे, ते कळेना. शेवटचं पान कुणी फाडलंय का?"

"अन् माझ्या बोटीत बघा!" प्रमिलाबाई कडाडल्या. "चौदा बाप्ये, एकानंही भांडं घासलेलं नाही. हे जगतील कसे?"

पाचव्या दिवशी मात्र त्याच प्रमिलाबाई धापा टाकीत आल्या. "बोट फुटली, बर्फावर अडकलेत सगळे, अन् तुम्ही मला एकच भाग देऊन बसलात? दुसरा काढा आधी!" साकिबभाईंनी गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेता घेता एक ओळ म्हणून दाखवली, गिऱ्हाइकाचे डोळे भरून आले आणि ते गिऱ्हाईक सदरा शिवून न घेताच त्याच संग्रहाची चौकशी करीत वाचनालयात पोहोचले. नानांनी कोळी, गोम, गांडूळ असे सारे कपाट घरी नेले आणि पारावर व्याख्याने सुरू केली. आठवडा सरला तेव्हा ज्या दहा हजार ग्रंथांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांच्यासाठी वाचनालयात भांडणे होऊ लागली होती.

ठरल्या दिवशी देवरे साहेब आले. वाचक घोकून आले असतील, तर दोन प्रश्नांत उघडे पाडायचे, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी नानांना पुढे बसवले.

"विंचवावरचं पुस्तक वाचलंत?"

"वाचं ना! साहेब, विंचूनी माय सारी पिल्लं पाठवर घीसन फिरस. अन् तिले तलवारनी गरजच नही!"

पंधरा मिनिटांनी साहेबांनी हात जोडून त्यांना थांबवले. "पुरे, नाना. जूनमध्ये वाचलेलं इतकं ध्यानात आहे?"

हेमलताबाईंनी डोळे मिटून घेतले.

"जूनमा?" नाना दुखावले. "छे! मंगळवारी. जूनमा मी अडाणी होतू, साहेब."

साहेबांनी वही ओढली. खोटी नोंद पकडण्याचा त्यांना सराव होता. पण वाचकाने ती स्वाभिमानापोटी नाकारावी, हे त्यांना नवीन होते. पुस्तके आणि सभासद ओळीने क्रमवार जोडलेले पाहून त्यांनी जुन्या तीनशे नोंदींवर तांबडी रेघ ओढली. मग चालू आठवड्याचे पान उघडले आणि बराच वेळ खाली मान घालून वाचत राहिले.

"बाई, ह्या तीनशे नोंदी खोट्या आहेत."

"हो, साहेब."

"आणि ह्या आठवड्यातल्या?"

"त्या खऱ्या आहेत. माझाही विश्वास बसत नाही."

साहेबांनी शेरा लिहिला: 'जुन्या नोंदी रद्द. नव्या नोंदी वाचकांच्या तोंडून पडताळल्या. वर्ग कायम. ग्रंथपालांना सक्त ताकीद.' बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तोच साहेबांनी पेन पुन्हा टेकवले: 'मात्र आठ दिवसांत एकही कादंबरी बाहेर गेलेली नाही. हा विभाग पूर्णतः दुर्लक्षित असून सहा महिन्यांत सुधारणा न दिसल्यास वर्गाचा फेरविचार होईल.'

गाडी गेल्यावर हेमलताबाईंचा हात सवयीने पेनाकडे वळला. तो त्यांनी मागे घेतला, एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी काढली आणि त्या नानांसमोर उभ्या राहिल्या.

"नाना, एकदा ही वाचून बघाल का? माझ्यासाठी?"

नानांनी ती उलटसुलट करून पाहिली. चेहऱ्यावर फारसा उत्साह नव्हता.

"बरं, द्या," ते उदारपणे म्हणाले. "माणूसनी एकच कपाटपाशी अडकी राहाले नको."