लामकाकूंची पेज

एका जंगलात, बाळांनो, भूक पुष्कळ होती आणि खानावळ एकच होती.

खानावळ नदीकाठी होती. ती लामकाका आणि लामकाकू नावाचं एक बदक जोडपं चालवत असे. हे दोघं फार लांबून, चीनमधल्या कँटनहून आले होते. तिकडे बदकांना मोठा मान असतो. त्यांना खरपूस भाजून दुकानाच्या काचेत टांगतात. लामकाकांना एवढी प्रसिद्धी नको होती, म्हणून ते बायकोला घेऊन इकडे आले.

खानावळीत काही थाट नव्हता. फळ्यांची टेबलं, बसायला ओंडके. भिंतीवर कोळशानं पदार्थ लिहिलेले, तेही वाफेनं पुसट झालेले. आत आलात की लामकाका समोर गरम चहा आदळायचे. त्यातल्याच थोड्या चहानं आपली वाटी आपण विसळून घ्यायची, अशी त्यांच्याकडची रीत होती.

"काय पाहिजे?" लामकाका विचारायचे. तुम्ही विचारात पडलात की म्हणायचे, "पेज आणतो." आणि निघून जायचे.

पण ती पेज! तांदळाचा दाणा विरघळेपर्यंत शिजलेली, वर आल्याचे बारीक तुकडे आणि कांद्याची हिरवी पात. सोबत लसणीवर परतलेला पाला. आणि अळंबी भरून वाफवलेले इवलेसे मोदक. लामकाकू त्यांना दुसरंच काहीतरी नाव सांगायच्या, पण जंगलात सगळे मोदकच म्हणत.

लामकाकू आत चुलीपाशी असायच्या. बाहेर फक्त त्यांचा आवाज यायचा. त्यांचा नियम एकच होता. "बाहेर कोणी कोणाला खायचं ते खा. माझ्याकडे आलात की माझं खायचं."

टेबलं कमी आणि गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे जिथे जागा दिसेल तिथे लामकाका माणसं कोंबत. माणसं म्हणजे जनावरं, बाळांनो. गोष्टीत तेवढं चालतं.

अशीच एकदा शेवंताबाई नावाची एक म्हातारी सशीण आणि रायबा नावाचा वाघ एका टेबलावर आले. मग रोजच येऊ लागले. शेवंताबाई विधवा होत्या आणि त्यांना बोलायला कोणी नव्हतं. रायबाशी बोलायची कोणाची छाती नव्हती. बाई त्याला सुनेच्या कागाळ्या सांगत. रायबा पेज फुरके मारत पीत असे आणि मधेच म्हणत असे, "अरेरे."

"ती मिरचीची चटणी दे इकडे," बाई म्हणत. "आणि शेपूट आवर. माझ्या ताटात येतंय."

रायबा शेपूट आवरत असे.

आता त्या जंगलात धनेशराव म्हणून एक पक्षी होते. धनेशाची चोच केवढी असते, ठाऊक आहे ना? एवढी मोठी चोच असली की माणसाला मत असावंच लागतं. धनेशराव रोज संध्याकाळी सावरीच्या झाडावर बसून जंगलातल्या गोष्टींना तारे वाटत. नदीला चार तारे. चंद्राला तीन, कारण तो वेळ पाळत नाही.

एके दिवशी ते खानावळीत जेवले. संध्याकाळी सावरीवरून त्यांनी जाहीर केलं,

"पेज अप्रतिम. मोदक अप्रतिम. वागणूक शोचनीय! मला एका ओल्या रानडुकराशेजारी बसवलं. मालक एकदाही हसला नाही. दोन तारे."

गिऱ्हाइकांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जेवायला आली. पण लामकाकांच्या मनाला लागलं.

"आपण उद्धट आहोत का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आपण कामात आहोत," लामकाकू म्हणाल्या. "बाजूला हो, पेज उतू जातेय."

लामकाका सल्ला विचारायला धनेशरावांकडे गेले. धनेशरावांना अशी माणसं फार आवडत. त्यांनी लामकाकांना शिकवायला घेतलं. दोन टेबलांमध्ये अंतर हवं. प्रत्येकाला स्वतंत्र जागा हवी. मालकाच्या तोंडावर हसू हवं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, ग्राहकाला कधीही 'नाही' म्हणायचं नाही.

बदकाला हसणं सोपं नसतं, बाळांनो. चोच मुळातच तशी असते. लामकाका नदीच्या पाण्यात बघून हसण्याचा सराव करू लागले. मासे तो काठ सोडून गेले.

मग खानावळ बदलली. निम्मी टेबलं काढली. उरलेल्यांवर शेवाळाची चादर आणि मधोमध एकेक रानफूल आलं. बाहेरची रांग लांबली, पण रांगेतल्यांना आता "थोडी प्रतीक्षा करावी" असं गोड आवाजात सांगितलं जाऊ लागलं. लामकाकू चुलीपाशी होत्या. हे काय चाललंय ते बघायला त्यांना उसंत नव्हती.

त्या दिवशी रायबा उपाशीच आला होता. लामकाका कमरेत वाकले.

"यावं, महाराज! आपलं टेबल इकडे, नदीच्या बाजूला."

"पण मी तिकडे बसतो. शेवंताबाईंबरोबर."

"छे छे, महाराजांना अडचण होईल."

रायबाला महाराज म्हटलेलं बरं वाटलं. तो बसला. शेवंताबाई पार दुसऱ्या टोकाला, आपल्या फुलासमोर एकट्या बसल्या होत्या.

पेज लवकर आली नाही, कारण लामकाका सगळ्यांची विचारपूस करत होते. रायबाकडे ते पुन्हा पुन्हा आले. "सगळं छान आहे ना, महाराज?" समोर अजून काहीच नव्हतं. "छान आहे," रायबा म्हणाला. त्याचं पोट गुरगुरलं.

करायला काही नव्हतं, म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला. बघता बघता त्याची नजर शेवंताबाईंवर गेली. आजवर त्यानं त्यांना इतक्या लांबून पाहिलंच नव्हतं. जवळून त्या म्हणजे बडबड, चष्मा आणि सून. लांबून त्या गुबगुबीत दिसत होत्या.

"महाराज," लामकाका हसून म्हणाले, "आपल्याला काय आवडेल? आपण म्हणाल ते."

"म्हणेन ते?"

"आम्ही ग्राहकाला नाही म्हणत नाही."

रायबानं ओठांवरून जीभ फिरवली. मग पंजा उचलून दाखवला. "ती."

शेवंताबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. पण लामकाकांच्या तोंडावरून शिकवलेलं हसू हलेना. त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते असे,

"उत्तम निवड, महाराज. वाफवून आणू, की परतून?"

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा उडाला आणि लामकाकू पळी घेऊन बाहेर आल्या. आजवर कोणी त्यांना बाहेर पाहिलं नव्हतं. त्या बुटक्या होत्या आणि घामानं थबथबल्या होत्या. त्या तडक वाघासमोर गेल्या आणि पळी टेबलावर आपटली. रानफूल उडून पडलं.

"सशीण मिळत नाही. पेज मिळते. खायची तर खा, नाहीतर ऊठ. मागे लोक खोळंबलेत."

रायबा वाघ होता. त्यानं एक पंजा मारला असता तर पळीसकट सगळं संपलं असतं. पण त्याला 'नाही' कोणी म्हटलंच नव्हतं कधी. तो मान खाली घालून म्हणाला, "पेज."

शेवंताबाई उठल्या. मोदक तसेच टाकून बाहेर निघून गेल्या.

शेवाळाच्या चादरी लामकाकूंनी चुलीत घातल्या. टेबलं पुन्हा दाटीवाटीनं लागली. लामकाकांचं हसू उतरायला मात्र बराच काळ लागला. झोपेतही ते "उत्तम निवड" म्हणत. सावरीवरून धनेशराव ओरडले, "ग्राहकाच्या आवडीचा अनादर! एक तारा!" रांगेतलं कोणी वर बघितलं नाही.

शेवंताबाई आल्या नाहीत. रायबा रोज जुन्या टेबलावर बसे आणि शेजारच्या ओंडक्यावर पंजा ठेवी. कोणी बसायला आलं की गुरगुरे.

"जागा अडवायची नाही!" आतून आवाज येई. रायबा पंजा काढी. बसणारा उठून गेला की पुन्हा ठेवी.

मग एका सकाळी शेवंताबाई दारात दिसल्या. सगळे खायचे थांबले. बाई सरळ त्याच्यापाशी आल्या.

"सरक."

रायबा सरकला.

"तुझ्यासाठी नाही आले. घरी अशी पेज होत नाही, म्हणून आले."

"शेवंताबाई, मी त्या दिवशी..." रायबाच्या घशात पेज अडकली. तो खोकू लागला.

"आधी गिळ," बाई म्हणाल्या. "वाघांना माफी मागायची सवय नसते. ठसका लागतो." आणि त्याच्या पाठीवर, जेमतेम पोहोचेल तिथे, एक थाप मारली.

"बोलायला आलात की जेवायला?" आतून लामकाकू कडाडल्या.

दोघांनी माना खाली घातल्या आणि जेवू लागले.

तात्पर्य : बाळांनो, सर्वांशी गोड बोलावं आणि कोणाला नाही म्हणू नये. मात्र ज्या खानावळीत कोणालाच नाही म्हणत नाहीत, तिथे सशांनी जेवायला जाऊ नये.