टिपणीसकाकांची न घेतलेली बंदूक

सकाळी भांडी घासायला म्हणून मी मागचं दार उघडलं आणि जागीच थिजले. शेजारचे टिपणीसकाका त्यांच्या ओट्यावर पालथे पडलेले, एक डोळा मिटलेला, खांद्याला छत्री लावलेली, आणि त्या छत्रीचं टोक थेट माझ्या पोटावर रोखलेलं.

"हलू नकोस, वीणा," काका म्हणाले. "अंतर बघतोय."

माझ्या हातातलं पातेलं खणकन खाली पडलं. छत्रीला घाबरायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण सकाळी साडेसहाला, तोंडात ब्रशसुद्धा गेलेला नसताना, अठ्ठावन्न वर्षांचा सभ्य माणूस आपल्यावर नेम धरून पडलेला दिसला, की छत्री आहे की तोफ हे बघायला वेळ कुणाला असतो?

"अहो काका, हे काय चाललंय!"

"बंदूक घेतोय. म्हणजे एअरगन. घुशीसाठी. त्याआधी अंदाज नको का घ्यायला? सर्व बाजूंनी बघावं लागतं."

हे शेवटचं वाक्य म्हणजे टिपणीसकाका. आमची डोंबिवलीत मानपाडा रोडला बैठी घरं होती, भिंतीला भिंत लागून. मागे प्रत्येकाला पदराएवढा परस आणि मध्ये गुडघाभर मेंदीचं कुंपण. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल नापास करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. सवय अशी हाडीमाशी खिळलेली की रिटायर झाल्यावर ते घरात येणारी प्रत्येक वस्तू नापास करत बसले. त्यांच्याकडे फ्रीज आला नाही, कारण त्यांना दाराचं रबर पटेना. मिक्सर आला नाही, कारण तो "ओरडतो". मालतीकाकूंनी सगळा संसार पाट्यावर वाटून केला आणि काका मिक्सरची माहितीपत्रकं वाचत बसले.

आता घुशीचं सांगते. काकूंनी परसात अळू लावलेलं. एका संध्याकाळी त्या पानं कापायला वाकल्या आणि मोरीच्या बिळातून मांजराएवढी घूस निघाली ती त्यांच्या पावलावरून गेली. काकूंनी अशी किंकाळी फोडली की आमचे हे अर्धी दाढी करून धावत बाहेर आले. काकू थरथरत होत्या. काका घुशीकडे बघून म्हणाले, "वजनाला सव्वा किलो असावी."

झालं! काकूंचा पारा चढला. "या घरात ती तरी राहील नाहीतर मी तरी!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून नाशिकला लेकीकडे निघून गेल्या. "घूस मेली की कळवा, मग येते," हे जाताना माझ्यादेखत सांगून गेल्या.

आता साधा माणूस काय करील? पिंजरा लावील. मी म्हटलंसुद्धा. तर म्हणे, "पिंजऱ्यात सापडली, की पुढे काय? तिच्याकडे बघत बसायचं?" औषध घाला म्हटलं, तर म्हणे बिळात मरेल, वास सुटेल, आणि तुमच्या मनीनं खाल्लं तर? शेवटी बंदूक ठरली. म्हणजे बंदूक घ्यायची हे ठरलं. कुठली, ते ठरायचं होतं.

मग सुरू झालं. काकांनी पुठ्ठ्याची घूस कापली. अगदी मापात, शेपटीसकट, काळ्या शाईनं रंगवलेली. ती अळवात ठेवायची आणि ओट्यावरून, पायरीवरून, मोरीच्या खिडकीतून नेम धरून बघायचा. कधी छत्रीनं, कधी पडद्याच्या दांडीनं. एकदा मी कपडे वाळत घालताना ती पुठ्ठ्याची घूस पायाशी दिसली आणि अशी दचकले की चादरीसकट मेंदीत जाऊन पडले. काका धावत आले आणि घूस उचलून झटकून घेऊन गेले. मला नाही हो उचललं!

एका शनिवारी मी ठाण्याला वन्संकडे निघालेले, तर काका सोबत आले. जांभळी नाक्याजवळ एक खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे एअरगन मिळत. काका आत शिरले तसा दुकानदारानं कपाळावर हात मारला. तेव्हाच मी ओळखलं, की ही काही पहिली वारी नाही.

"काका, आज घेणार की आजपण नुसती बघणार?"

"घेणार ना. दाखवा."

त्यानं काउंटरवर तीन-चार बंदुका मांडल्या. काकांनी एकेक खांद्याला लावली. पहिलीचा दस्ता आखूड. दुसरीची नळी मोडून छर्रा भरायचा तर जोर फार लागतो, उजवा खांदा धरतो. तिसरी हलकी, पण हलकी म्हणजे नेम हलणार. मग काकांनी पिशवीतून ती पुठ्ठ्याची घूस काढली आणि काउंटरवर ठेवली. दुकानदार दोन पावलं मागे सरला. शेजारी कॅरमचा स्ट्रायकर घेणारी बाई "आई गं" म्हणून थेट दुकानाबाहेर!

"एवढी आहे," काका म्हणाले. "एका छर्ऱ्यात गेली पाहिजे. जखमी होऊन तळमळलेली मला चालणार नाही. कुठली देता?"

"काका, ही एअरगन आहे. एवढ्या जाड घुशीला एखादा छर्रा म्हणजे गुदगुल्या होणार. डोक्यातच लागला तर गोष्ट वेगळी."

"आणि नाही लागला, भिंतीवर आपटून उलट आला, तर? शेजारी हिची खिडकी आहे."

माझी खिडकी! मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. शेवटी काकांनी चौथी बंदूक उजेडात धरली, दस्त्यावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, "इथे रेघ आहे." झाली नापास. आम्ही बाहेर पडलो. दुकानदारानं आमच्या पाठीमागे पाणी मागवलं.

असं वर्ष गेलं, मग दुसरं लागलं. आमची मासेवाली हिराबाई टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "काय गो बाय, त्या बंदूकवाल्याची बंदूक आली का नाय?" आणि पोट धरून हसायची. इकडे ती घूस दिवसाढवळ्या हिंडायला लागलेली. एकदा तर काका ओट्यावर पोहे खात होते आणि ती पलीकडे अळवाचे कांदे खात होती. दोघं एकमेकांकडे बघत निवांत बसलेले. मला राग आला, खरंच सांगते. बायको तिकडे जाऊन बसलीय आणि हा माणूस घुशीबरोबर नाश्ता करतोय!

काकूंचा फोन दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचा. सगळ्या रांगेत फोन फक्त आमच्याकडे, त्यामुळे कुणाची आई आजारी आणि कुणाचं लग्न मोडलं, हे आम्हाला त्यांच्या आधी कळायचं. काकू आधी माझ्याशी बोलायच्या. "ते नीट जेवतात ना गं? स्वेटर घालतात ना?" आणि मग, "आहे का ती मेली अजून?" मी "आहे" म्हणायचे. मग काका फोन घ्यायचे, अगदी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले असायचे, आणि बंदुकीचं पुराण लावायचे. "दस्ता शिसवी मिळतो का बघतोय," वगैरे. मी चहा टाकायला आत जायचे, पण कान बाहेरच.

आणि मग तो शनिवार. मी मागे दगडावर चादरी धूत होते. हातात धोपटणं. कुंपणाखालून खसफस झाली, काळं काहीतरी माझ्या अंगावर आलं, आणि मी डोळे मिटून धोपटणं हाणलं. एकदाच!

डोळे उघडले तर घूस पाय वर करून पडलेली. मेली! मला आधी वाटलं पुठ्ठ्याचीच. पायानं हलवून बघितलं, तर खरी. आणि मग, काय सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. बंदूक नाही, छर्रा नाही, धुण्याच्या धोपटण्यानं काम तमाम!

"काका!" मी ओरडले. "अहो काका, या लवकर! मारली! मेली घूस! आता उद्या काकूंना सांगते, बॅग भरा म्हणून!"

काका ओट्यावर आले. बघितलं आणि मटकन खालीच बसले. चेहऱ्याचा रंग उडालेला. मला वाटलं, ॲटॅक आला की काय. मी कुंपण ओलांडून धावले, पाणी आणलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ते हळूच म्हणाले.

"म्हणजे? अहो, तुम्हीच ना दीड वर्ष…"

"मी बंदूक बघत होतो, वीणा. मारायची घाई कुठे केली मी?"

मला वाटलं, खरंच वेड लागलं या माणसाला. घुशीवर जीव जडलाय की काय! तेवढ्यात काका म्हणाले, "घूस होती तोवर ती घुशीमुळे येत नव्हती. आता नाही आली, तर कशामुळे म्हणायचं?"

पेला हातात धरून बसून राहिले. मला ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा धोपटण्याचा इतका राग आला की वाटलं, नेऊन चुलीत घालावं. संध्याकाळी काकांनी अळवाच्या कडेला खड्डा खणला आणि घूस पुरली. वर माती नीट दाबली.

रविवारी फोन वाजला. मी मनाशी ठरवलेलं, काही नाही, काकूंना सरळ सांगायचं, चांगलं खडसावून सांगायचं. बाई, कारण संपलं, आता या! काका दारात उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. आत येईनात.

"काकू, अहो एक सांगायचंय. घुशीचं…"

"मेली?"

असं विचारलं काकूंनी, जसं आपण दवाखान्यातून आलेल्या माणसाला विचारतो. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मेली का गं खरंच?" काकू पुन्हा म्हणाल्या. "अगं, मला इतक्यात कसं जमणार यायला? छोटीची शाळा आहे. माझा पेटीचा क्लास आत्ता कुठे रंगात आलाय. इतकी वर्षं मी… तू बोलत का नाहीस?"

अगं बाई! म्हणजे इकडे हा आणि तिकडे ही, दोघंही त्या एका घुशीच्या आयुष्यासाठी देवाला हात जोडून बसलेले! मी काकांकडे बघितलं. त्यांना काकूंचा आवाज ऐकू येत नव्हता. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते, पोरानं निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघावं तसे.

"छे हो," मी म्हटलं. "ती कसली मरतेय! माझी साबणाची वडी पळवली परवा, तेच सांगत होते."

तिकडून मोठ्ठा श्वास ऐकू आला. "काय मेली चिवट आहे!" काकू म्हणाल्या, पण आवाज कसा हलका झालेला. "दे त्यांना. आणि त्यांना म्हणावं, स्वेटर धुऊन घाला."

मी फोन पुढे केला. काका आले, खुर्चीवर नीट बसले, घसा साफ केला. मला डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं म्हणून मी खिडकीकडे वळले.

"हो गं, आहे ना," काका सांगत होते. "हे काय, इथून दिसतेय मला. अळवात बसलीय."

मी चमकून बाहेर बघितलं. कालच्या ताज्या मातीशेजारी, पानांच्या आडोशाला, पुठ्ठ्याची घूस उभी केलेली होती. म्हणजे फोन यायच्या आधीच त्यांनी ती तिथे नेऊन ठेवली होती.

"बंदूक? बघतोय ना," काका म्हणाले. "सर्व बाजूंनी बघावं लागतं. पण तू मुळीच घाई करू नकोस हं, मालती. सावकाश ये."