रिव्हॉल्व्हरची पारख

शिवशंकर गुरुजींचं रिव्हॉल्व्हर घ्यायला रत्नम्मा एकाच अटीवर कबूल झाल्या होत्या: सौद्याला देवणीच्या सटवाजीबापूंना बरोबर न्यायचं. रत्नम्मांचे यजमान वीरभद्रआप्पा यांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. विकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्वतः काही घ्यायची वेळ आली की वस्तू बघून ते असे पाघळत, की समोरचा भाव चढवल्याशिवाय राहत नसे.

"तुमी एक शब्द बोलायचा न्हाई," रत्नम्मांनी बजावलं. "काय बोलायचं ते बापू बोलतेल."

सटवाजीबापू बैलांची पारख करण्यात नावाजलेले. त्यांनी लांबून नुसती बैलाची चाल बघितली तरी मालकाला घाम फुटायचा. बैल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक असतो हे त्यांना मान्य होतं, पण घेणं-विकणं सगळीकडं सारखंच, असं त्यांचं ठाम मत होतं.

रिव्हॉल्व्हर काही माणसं मारायचं नव्हतं. ते नेमबाजीचं होतं, गॅसच्या इवल्या नळकांडीवर छर्रे उडवणारं, पण घडण अगदी जुन्या काळची. नांदेडच्या गुरुजींनी शाळेत जन्मभर खेळ शिकवले. आता डोळ्यांनी दगा दिला होता, नेम धरता येत नव्हता, आणि त्यांच्या पत्नी सिंधुताईंनी कपाटातली अडगळ काढायचा हट्ट धरला होता. आप्पांनाही नेमबाजीचा नाद; लातूरच्या सरावात त्यांनी ते एकदा हातात घेतलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं कुठलंच पिस्तूल गोड लागेना. घ्यायचं तर हेच, नाहीतर नेमबाजी बंद, इथपर्यंत गोष्ट आली होती.

आप्पा आणि बापू नांदेडला गुरुजींच्या घरी पोचले, तेव्हा गुरुजींनी पेटी उघडली. निळसर काळी नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, वापरून वापरून तिला आलेली चमक. आप्पांच्या तोंडून "अहाहा" निघणारच होतं, पण रत्नम्मांना आठवून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

बापूंनी टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारली.

"नळी आखूड हाय."

"मापातलीच आहे ती," गुरुजी म्हणाले.

"मूठ बसकी. वय बी लई झालेलं दिसतंय." बापू वाकून नळीत डोकावले.

"अहो, तोंडासमोर धरू नका! रिकामं असलं तरी धरायचं नसतं!"

"दात बघायलोय."

बैलबाजारात ही रीतच असते. घेणारा खोडी काढतो, विकणारा हसतो, मनावर कुणी घेत नाही. उलट खोडी काढल्या नाहीत तर जनावराला किंमत दिली नाही असं वाटतं. पण गुरुजींचा जन्म शहरात गेलेला. त्यांना हे काय ठाऊक? त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

बापूंनी छर्‍यांचं चक्र बोटानं फिरवून पाहिलं. "चालीत जरा लंगडतंय."

"लंगडतंय?" गुरुजींचा आवाज चिरकला.

एवढ्या खोडी पुरे, आता भावाचं बोलावं, म्हणून बापूंनी खिशातली दस्ती काढली, उजव्या हातावर पसरली आणि हात पुढं केला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, चारचौघांत आकडा बोलायचा नाही, ही बाजारातली अदब.

"हाताला काय लागलं?" गुरुजींनी विचारलं.

"कुठं काय? बोटं धरा."

"मी कुणाची बोटंबिटं धरणार नाही!" गुरुजींनी फाटकन पेटी मिटली. "पोटच्या लेकरासारखं सांभाळलंय हे मी. ज्यांना यात नुसत्या खोडीच दिसतात, त्यांना मी फुकटसुद्धा देणार नाही. या तुम्ही."

हातातोंडाशी आलेला घास चालला होता. आप्पांना राहवेना.

"गुरुजी, थांबा! बापूंना बैल कळतो, हे न्हाई कळत. हातात धरलं की ह्याचा भार मनगटावर कसा येतो, म्हाईत हाय? झोपलेल्या लेकरानं खांद्यावर डोकं टेकल्यावानी! घोडा मागं वढला की जो कट् आवाज येतो, तो ऐकत दिवसभर बसावं. आन् ही मूठ! आजकाल सगळे प्लॅस्टिक लावतेत, हितं लाकडाची एकेक रेघ दिसायलीय. नेम चुकला तर चूक आपली, ह्याची न्हाई. ज्यानं घडवलं त्याच्या हाताला सलाम करावा वाटतो बघा!"

गुरुजींनी पेटी हळूच पुन्हा उघडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आप्पा, इतक्या वर्षांत याची अशी कदर कुणी केली नाही हो."

जमलं, असं आप्पांना वाटलं. बापूंनीही दस्ती पुन्हा हातावर घेतली.

"आणि इतकी देखणी वस्तू मी विकायला निघालो होतो!" गुरुजी म्हणाले. "नेम धरता येत नसेल, पण हातात तर धरता येतंय ना? नाही आप्पा. आता हे विकणे नाही."

आप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. "गुरुजी, तसं बघाया गेलं तर... नळी जरा आखूडच हाय."

"बस्स करा आप्पा," बापू कुजबुजले आणि दस्तीनं कपाळ पुसू लागले.

गुरुजींचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "सिंधू, अगं बाहेर ये!"

सिंधुताई पदराला हात पुसत आल्या. गुरुजींनी पेटी त्यांच्यासमोर धरली आणि खुर्ची ओढून आप्पांना बसवलं.

"आप्पा, हिला सांगा बरं ते मघाचं सगळं. पहिल्यापासून सांगा."

आप्पांनी बापूंकडं पाहिलं. मग पेटीत पाहिलं. ती मूठ नजरेला पडली आणि त्यांना पुन्हा राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, आणि मघापेक्षाही झकास सांगितलं.