साळवेमामा घर बघतात

साळवेमामा फ्लॅट बघायला जाताना खिशात परीक्षानळी घेऊन जातात.

आत शिरले की थेट स्वयंपाकघर. नळ सोडायचा, नळी अर्धी भरायची, साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि अंगठा दाबून ती अशी काही हलवायची, की फ्लॅट दाखवायला आलेली मुलगी दोन पावलं मागं सरकते. मग नळी उजेडात धरून निकाल: "फेस न्हाई. बोअरचं पानी हाय. केस गळत्याल."

त्यानंतर दुसऱ्या खिशातून ओळंबा निघतो. भिंतीला लावून एक डोळा मिटून बघतात. "पाव इंच भाईर." एकदा एका बिल्डरनं वैतागून विचारलं, "काका, घ्यायचंय का पाडायचंय?" मामा शांतपणे म्हणाले, "त्ये तुमच्या भिंतीवर हाय."

मामा आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मी ऑफिसात हेडक्लार्क, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. मूळचे पारनेरकडचे, पण गेली कित्येक वर्षं भिंगारला भाड्यानं राहतात. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं आणि त्यांच्या बायकोला, मालनमामींना, मामी.

माणूस एका जागी बसलेला मी पाहिलेला नाही. चहासुद्धा उभ्यानं. कप घेऊन खिडकीशी जातील, बाहेर बघतील, परत येतील, पुन्हा खिडकीशी. आणि मध्येच म्हणतील, "हवा निघू द्या, भाऊसाहेब. घरांच्या भावात नुसती हवा भरलीय. आज घेतलं अन उद्या पडलं, की आपन बसलो."

ह्यासाठी त्यांच्याकडे पुरावा असे. संध्याकाळी स्कूटर काढायची आणि नव्या इमारतींच्या भोवती चक्कर मारून गॅलऱ्यांतल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या मोजायच्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात अहवाल हजर. "चोवीस फ्लॅट. कपडे सहा ठिकानी. ऱ्हायलेल्यात कोन ऱ्हातं? कबुतरं. आता कबुतरं हप्ते भरत्यात का?"

भाव मात्र मामांचं ऐकत नव्हते. ते वरच जात राहिले. मामांनी सुरुवातीला नाक मुरडून सोडलेल्या बंगल्याचा भाव पुढं दोन खोल्यांच्या फ्लॅटला आला. दुसरा कोणी हात चोळत बसला असता. मामांची भीती उलट वाढली. "आता तर लईच वर गेलंय. हितून पडलं तर काय ऱ्हाईल?"

तोवर त्यांनी भाड्याची पाच घरं बदलली. मामी ब्लाउज शिवतात. शिलाई मशीन तेवढं उघडं, बाकी निम्मी भांडी कायम खोक्यात. काढून मांडावीत तर मामा म्हणायचे, "कशाला? वर्सभरात आपलं हुईल." एकदा मामी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्यांना घर न्हाई घ्यायचं. ह्यांना घराची परीक्षा घ्यायचीय. आजपर्यंत एकबी पास न्हाई झालं."

कॉलेजात विजेची कामं करायला शकील यायचा. अकोल्याकडचा, हसरा, कामाला चोख. त्यानं फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा मामांचा सल्ला मागितला. मामांनी प्रयोगशाळेतल्या फळ्यावर खडूनं एक रेघ वर नेली आणि मग ती अशी खाली आणली, की खडू फळ्याच्या बाहेर गेला. तरी शकीलनं घेतलाच. सगळ्यांना पेढे वाटले. मामांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "ग्वाड हाय. पन घाई केली."

आणि दोन-अडीच वर्षांत, खरोखर, त्या भागातले भाव पडले. जो रस्ता होणार म्हणून इमारती उठल्या होत्या तो झालाच नाही. फ्लॅट पडून राहिले. बिल्डर आधीपेक्षा कमी भावात द्यायला लागले. कॉलेजात जो तो मामांचं अभिनंदन करू लागला. मामांची अस्वस्थता दुप्पट झाली. "आता घेऊ, का आनखी पडंल?" रोज दोन चकरा. नळी भरायची, ओळंबा सोडायचा, परत यायचं.

अशातच शकील ऑफिसात आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उपचाराला पैसा हवा होता आणि गावी जाऊन राहायलाही हवं होतं, कारण तिथं आई एकटी. फ्लॅट विकायचा होता. मी मामांना म्हटलं, "मामा, आला तुमचा दिवस."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. शकीलची बायको रुबीना हिनं घर ईद असल्यासारखं घासूनपुसून ठेवलं होतं. आमच्या आधी एक गृहस्थ मेव्हण्याला घेऊन आले होते. हातात किल्ल्यांचा जुडगा, त्यानं ते भिंती ठोकत हिंडत होते. "इथं पोकळ आहे. इथं ओल आहे. ही फरशी बदलावी लागेल." प्रत्येक वाक्याला शकील मान हलवत होता. मग ते गॅलरीत जाऊन फोनवर मोठ्यानं म्हणाले, "अडलेत हे लोक. थांबू दोन आठवडे, आणखी खाली येतील."

आत सगळ्यांना ऐकू आलं. रुबीना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. शकील गॅलरीकडे बोट करून तिला म्हणाला, "अगं, त्यांना दे ना आधी."

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशात होता. तो बाहेर येईना.

गृहस्थ गेल्यावर रुबीनाच म्हणाली, "मामा, तुमी पानी तपासता म्हणं. बघा ना. थोडं खारं हाय, मी खोटं नाय बोलनार."

मामांनी तिच्याकडून पेलाभर पाणी मागून घेतलं, गटागटा प्यायले आणि म्हणाले, "चांगलं हाय की." मीही प्यायलो होतो. मचूळ होतं.

मग ते एकदम वळले, जिना उतरले आणि स्कूटर तिथंच सोडून चालायला लागले. मी धापा टाकत मागं. मोकळ्या प्लॉटच्या कडेला त्यांना गाठलं.

"आमच्या बापानं पारनेरचं घर इकलं तवा मी नववीत हुतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बहिनीच्या आजारपनासाठी. घ्यायला आलेला मानूस काठीनं भित ठोकीत हुता. ठोकली की भाव खाली. अन बाप त्याला म्हनत हुता, च्या घ्या. मी दारात उभा."

"आणि बहीण?"

"ऱ्हायली न्हाई."

थोडं चालून पुन्हा थांबले. "घ्यायला मी कवाच भ्यालो न्हाई, भाऊसाहेब. आपन घेतलं, अन इकायची येळ आली तर? कोन तरी येनार. असाच ठोकनार. मालनसमोर."

इतकी वर्षं मी त्यांना चिकट समजत होतो.

त्या आठवड्यात मामांनी फ्लॅट घेतला. शकीलनं ज्या भावात घेतला होता, त्याच भावात. मी रागावलो. "अहो, त्याच इमारतीत तसाच फ्लॅट कमी भावात मिळतोय!"

"म्हायती हाय," मामा म्हणाले.

सौदा माझ्यासमोर झाला. असा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. विकणारा भाव उतरवतोय आणि घेणारा चढवतोय. "मामा, एवढे नको, बाजारात कोन देत न्हाई," असं शकील म्हणतोय, आणि मामा खोलीत येरझाऱ्या घालत, "तू गप. तुला काय कळतं बाजारातलं?" शेवटी शकीलनं पंखे, दिवे, गीझर सगळं जागेवर सोडायचं कबूल केलं तेव्हा कुठं तो गप्प झाला.

मामी चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांना मी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "नणंदेचं नाव ह्यांनी लग्नापासनं माझ्याम्होरं घेतलं नव्हतं. त्या रविवारी घेतलं. मी कशाला चिडू?"

ताबा घ्यायच्या दिवशी खाली शकीलचा टेम्पो भरत होता. मामी वर गेल्या. रुबीना त्यांना पाणी किती वाजता येतं, कुठली खिडकी ओढून लावावी लागते, ते दाखवत होती. मामा वर गेलेच नाहीत. टेम्पोभोवती फिरत दोऱ्या आवळत होते, सुटलेली गाठ पुन्हा मारत होते, कपाटाखाली गोणपाट सरकवत होते. "घाटात हादरे बसत्यात," असं तीनदा म्हणाले.

रुबीना खाली आली. तिनं किल्ली मामांच्या हातात दिली आणि एकदाच वर, गॅलरीकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली.

रुबीना शकीलशेजारी चढून बसली आणि टेम्पो निघाला. मामी वरून हाका मारत होत्या. मी म्हटलं, "चला मामा, वर चला. तुमचं घर आहे."

"जाऊ," ते म्हणाले. "पोरगी मागं बघतीय. त्यांना वळनापातूर जाऊ द्या."

आणि किल्ली पाठीमागं धरून ते तिथंच, न हलता, उभे राहिले.