बिरप्पाच्या हाळीचे सर्व हक्क सुरक्षित

ज्या वस्तूला कुलूप नाही ती वस्तू मौल्यवान नाही, हे सुधारलेल्या समाजाचं मूलतत्त्व आहे. दागिन्याला कुलूप असतं, गोदामाला असतं, एस्टी स्टँडवरच्या पाण्याच्या पेल्यालासुद्धा साखळी असते. आवाज तेवढा हजारो वर्षं उघड्यावर पडून होता. कुणीही यावं, ऐकावं आणि फुकट घेऊन जावं. ही बेशिस्त अलीकडे डिजिटल कुलपांच्या आणि त्या कुलपांना जपणाऱ्या कायद्याच्या कृपेनं पुष्कळच आटोक्यात आली आहे. सांगोल्याकडच्या बिरप्पा मेंढक्याची हाळी हा त्यातलाच एक यशस्वी प्रयोग.

हाळी म्हणजे मेंढरांना घालायची हाक. ती ज्याची त्याची वेगळी असते. बिरप्पाच्या हाळीत आधी ओठ थरथरवून लांबलचक 'ब्रुर्रर्र', मग टाळूवर जिभेचे दोन टोले, आणि शेवटाला चढत जाणारं 'ये गं बयाऽऽ'. (संपूर्ण हाळी सलग छापायला परवाना लागतो. सुट्या भागांचं वर्णन करायला अद्याप बंदी नाही.) ती कानावर पडली की माळावर पांगलेला कळप मान वर करायचा आणि दुसऱ्याच्या मटकीचा मोह सोडून घराकडे वळायचा.

'रानसूर' नावाच्या कंपनीनं लुप्त होत चाललेले लोकध्वनी वाचवायचा विडा उचलला होता. जात्याची घरघर, रवीची घुसळण, भंगारवाल्याची आरोळी (ही लुप्त होण्याची सोलापूरकर अजून वाट पाहत आहेत) वगैरे. कंपनीचे जिल्हा समन्वयक बापूसाहेब गाडीतून माळावर उतरले. त्यांनी बिरप्पाला शाल-नारळ दिला, हाळी टिपून घेतली आणि एका काचेवर बोट टेकवायला सांगितलं. बोटाच्या जागी 'सहमत आहे' असं लिहिलेलं होतं. त्याच्या वर बराच मजकूर होता, पण ऊन फार असल्यामुळे तो दिसत नव्हता. मोबदला म्हणून कंपनीनं बिरप्पाच्या सुनेच्या, सुकन्याच्या फोनमध्ये ॲप टाकलं आणि त्यात हाळीची एक प्रत भेट दिली. स्वतःचा आवाज स्वतःलाच भेट मिळालेला तालुक्यातला तो पहिलाच माणूस.

पुढे बिरप्पाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. माणसांपुरतं त्याला याचं विशेष वाटलं नाही, कारण माणसांशी बोलण्यासारखं त्याच्याकडे कधी फार नव्हतंच. पण कळपासमोर तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली, तेव्हा तो मटकन खाली बसला. माळाला लागून आता चौपदरी हमरस्ता झाला आहे. अंधाराच्या आत कळप वळला नाही तर निम्मा ट्रकखाली आणि उरलेला लांडग्याच्या वाट्याला. मुलानं, मल्हारनं, हाळी घालून पाहिली. मेंढरांनी ती ऐकून घेतली, एवढंच.

"मामा, रडताय कशापायी? तुमचा आवाज हाय की माझ्यापाशी!" असं म्हणत सुकन्यानं फोन काढला आणि स्पीकर काठीला बांधून उंच धरला. हाळी घुमली. सगळा कळप धुरळा उडवत धावत आला. बिरप्पा फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत राहिला. कायद्याच्या दृष्टीनं पाहता तो त्या वेळी एका बेकायदा मैफलीत बसला होता, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाऊसकाळभर असं चाललं. मग एका संध्याकाळी फोन गप्प झाला आणि पडद्यावर सूचना उमटली: 'सार्वजनिक कार्यक्रम आढळला. श्रोत्यांची संख्या कौटुंबिक वापराच्या मर्यादेबाहेर आहे. ध्वनी बंद करण्यात येत आहे.' ॲपला कान होते आणि त्यांनी 'बें बें' मोजलं होतं. (रसिकांनी इतकी मोकळी दाद द्यायला नको होती.) त्या संध्याकाळी सगळं घर काठ्या घेऊन हमरस्त्यावर धावलं. एक कोकरू ट्रकखाली गेलं. बिरप्पानं ते उचलून घरी आणलं आणि रात्री भाकरीला शिवला नाही.

सकाळी सुकन्या सासऱ्यांना घेऊन सांगोल्यात तौहीदकडे गेली. तौहीद मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं फोन उलटासुलटा पाहिला.

"कुलूप काढायला दो मिनट लगते भाभी. पन कायद्यात सजा दो सालतक हाय."

"आरं पन आवाज मामांचाच हाय की!"

"आवाज चाचाका, कुलूप कंपनीका. आवाजाला कोन विचारत न्हाय. कुलपाला हात लावला की मी चोर."

बिरप्पाला हे लगेच पटलं. घर आपलं, सामान आपलं, पण कुलूप दुसऱ्यानं ठोकलं असेल तर किल्लीसाठी त्याच्याच उंबऱ्यावर बसायचं, ही रीत त्याला भावकीमुळे चांगली माहीत होती. मग बिरप्पा, त्याची बायको म्हाळसाबाई आणि सुकन्या अशी तिघं एस्टीनं सोलापूरला गेली.

कंपनीचं ऑफिस सात रस्त्याला आहे. (तक्रारदाराला परत जायला वाटा भरपूर असाव्यात, हा उद्देश.) बापूसाहेबांनी आपुलकीनं चहा मागवला.

"मेंढरं श्रोते कशी हो सायेब?" म्हाळसाबाईनं विचारलं. "लेकरावानी वाढीवल्यात. घरचीच हायती."

"घरची असतील तर प्रश्नच मिटला. रेशनकार्डावर नावं आहेत का?"

गेल्या दुरुस्तीत कार्डावरून म्हाळसाबाईचंच नाव उडालं होतं.

मात्र कायदा निर्दय नसतो. मूळ कलाकाराला सवलत होती. त्यानं फक्त आपली ओळख पटवायची, म्हणजे यंत्रासमोर तीच हाळी एकदा घालून दाखवायची. बिरप्पा पुढे सरकला. मानेच्या शिरा ताठ होईपर्यंत त्यानं जोर लावला. पडद्यावर आलं, 'आवाज ऐकू आला नाही. कृपया शांत जागी प्रयत्न करा.' त्याच्या घशाइतकी शांत जागा त्या वेळी सोलापुरात दुसरी नव्हती. त्यानं पुन्हा जोर लावला. यंत्रानं पुन्हा तीच नम्र विनंती केली. बिरप्पा खाली बघत खुर्चीत बसला. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

इथं एक रिवाज सांगायला हवा. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. म्हाळसाबाईच्या हिशेबी हाळी म्हणजे नावच, त्यामुळे सासरी आल्यापासून रोज ऐकूनही तिनं ती कधी ओठावर आणली नव्हती. कळप हुकला तरी नाही, कोकरू गेलं तरी नाही. पण मान घालून बसलेला नवरा तिला बघवेना. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिनं हाळी घातली. अख्खी. खाली रस्त्यावरचा सरबतवाला वर बघू लागला. बापूसाहेबांचा चहा हिंदकळला. आणि बिरप्पा? तो खुर्चीतून उठून आवाजाकडे चालूच लागला होता.

'नक्कल आढळली,' यंत्रानं जाहीर केलं.

बापूसाहेब गंभीर झाले. "बाई, ही हाळी तुम्ही कुठं साठवून ठेवली होती?"

"कुटं म्हंजी? ध्येनात."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापास्नं."

"परवानगी?"

"ह्यास्नीच इचारा की."

बिरप्पानं जोरजोरात मान डोलावली. पण परवानगी देण्याचा हक्क आता त्याच्याकडे नव्हता. बोट टेकवलेलं होतं.

म्हाळसाबाईला रीतसर नोटीस आली. विनापरवाना केलेला साठा तिनं पंधरा दिवसांत मनातून पुसून टाकावा आणि तसा अहवाल द्यावा. बाई कायदा मानणारी. नेमकं काय विसरायचं ते नीट ध्यानात राहावं, म्हणून ती रोज संध्याकाळी माळावर जाते आणि हाळी एकदा मोठ्यानं घालते. त्याच वेळी मेंढरं परत येतात, हा योगायोग. बिरप्पा शेजारी बसून तिच्याबरोबर ओठ हलवतो. तो सुखात आहे. पंधरा दिवस कधीच उलटून गेले. विसरण्यात अजून प्रगती नाही.

कंपनीचं लक्ष आता लोकांच्या मनातल्या साठ्याकडे वळलं आहे, आणि ते योग्यच आहे. सदर कथेत कायद्याचा मान राखून हाळीचे भाग सुटे दिले होते. ते जोडा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही जोडलेत. ओठ थरथरवले नसतील, पण 'ये गं बया' मनात चढ्या सुरात म्हटलंत. साठवण, जोडणी आणि नक्कल, तिन्ही कलमं लागतात. तेव्हा पंधरा दिवसांत पुसून टाका. काय पुसायचं ते आठवत नसेल, तर एकदा म्हणून पाहा.