कोठीच्या खोलीतली टकटक

सन २०२४. पितृपक्षाचा तिसरा दिवस. लोणखेड्याच्या शेतांत कापसाची बोंडं फुटू लागली होती.

त्या सकाळी मयूरीने आजोबांपुढे लॅपटॉपचा विषय काढला. कॉम्प्युटर सायन्सचं तिचं पहिलं वर्ष.

"कॉलेजमा कॉम्प्युटर शेतस ना?" लोटनआबा म्हणाले.

"तीन पोरीसमा एक शे, आबा. मन्हा हातच लागत नई. अन् पुढला महिनामा परीक्षा शे."

"नापास व्हयनी ते कॉलेज बंद. ध्यानमा ठेव."

लॅपटॉपशिवाय चालेल का, हे आबा स्वतः कॉलेजात जाऊन विचारून आले होते. सर म्हणाले, "पहिलं वर्ष चालेल, पण..." 'चालेल' ऐकताच आबा उठले. ('पण'च्या पुढचं त्यांनी आयुष्यात कोणाचंच ऐकलं नव्हतं.)

"अन् पितृपक्षमा नवी वस्तू घरमा येत नई. विषय बंद."

विषय बंद झाला आणि दुसऱ्याच दुपारी धान्याच्या कोठीच्या खोलीतून आवाज सुरू झाला. टक. टकटक. टक.

"उंदीर व्हई," सून रंजिता म्हणाली.

आबा खोकले. आवाज थांबला. जरा वेळाने, विचार करून केल्यासारखा, पुन्हा सुरू झाला. उंदीर विचार करत नाही.

आबांनी दार ढकललं. आत कोणी नव्हतं. मागचं दार आपोआप हलत होतं. गव्हाच्या पोत्यांमागे, जमिनीवर कोळशाने चौकोन आखले होते. प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर. आबा चौथी शिकलेले, पण एबीसीडीचा क्रम त्यांना ठाऊक होता. इथे एकही अक्षर जागेवर नव्हतं. वर एकापासून नऊपर्यंत आकडे आणि शेवटी शून्य. (नऊ पिढ्या, मग काही नाही. आबांनी हिशेब लावला.) सगळ्यांच्या खाली एक लांब, रिकामं घर. तिरडीसारखं अरुंद. कोणासाठी तरी मोकळं ठेवलेलं.

ही करणीच, आबांनी ठरवलं. ते तडक शेजारी धनसिंगच्या ओट्यासमोर उभे राहिले. बांधावरच्या कडुनिंबावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

"मन्हा घरमा काय करी ठेवं तू?"

अख्खी गल्ली बाहेर आली. धनसिंगने शांतपणे सुपारी कातरली. "मी करं व्हई ते मन्ही जीभ झडो. अन् नसन करं, ते आठे बसीसन मन्हा चहा पिशी?"

"पिसू तुन्हा चहा!" आबा गरजले. शब्द दिला गेला. आबांच्या घरात दिलेला शब्द म्हणजे कर्ज.

तिसऱ्या दुपारी आबा पोत्यांआड दबा धरून बसले. हातात काठी, खिशात लिंबू. मागचं दार करकरलं. एक सावली येऊन त्या चौकोनांपुढे बसली. तिची बोटं काळी होती. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते, आणि नखं जमिनीवर नाचत होती. टक. टकटक.

चेहरा मयूरीचा होता.

"कोण शेस तू?" आबांचा आवाज चिरकला. "मन्ही पोरले सोड!"

डोळे न उघडता ती म्हणाली, "थांबा आबा. सेमीकोलन राहिनं."

"सेमीकोलन कोण? कोन्हा गावना?"

तेव्हा तिने डोळे उघडले. काठी पाहिली, लिंबू पाहिलं. "आबा, हाऊ कीबोर्ड शे. लॅपटॉप नई, मंग बोटेसले सवय कशी पडी? सगळा पोरं न दखता टाइप करतस. मी एकच बोट वापरस, ते हासतस."

"मंग चोरीसन कशाले?"

"तुम्हीनच सांगं ना, विषय बंद."

आबांनी त्या लांब रिकाम्या घराकडे बोट केलं. "अन् हाई?"

"ती दोन शब्दसमधली मोकळी जागा."

आबांनी काठी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी, भर पितृपक्षात, त्यांनी शहाद्याहून लॅपटॉप आणला. मयूरीच्या हातात दिला. मग टोपी नीट करून ते धनसिंगच्या ओट्यावर जाऊन बसले. गल्ली पुन्हा गोळा झाली.

धनसिंगने ओट्यावर कप मांडले. एक नाही. अकरा.

"वरीसना एक," तो म्हणाला.

आबांनी एकेक करून अकराही कप संपवले आणि शेवटचा पालथा घातला.